आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू

आमच्या मंडळीत कुठलाही वाद निघाला की लोक माझ्याकडे बघतात. मंडळी म्हणजे कल्याणचं आमचं मराठी चर्च आणि त्यातली साठ-सत्तर घरं. लहानपणी संडे स्कूलमध्ये आमचा एक खेळ असायचा. सगळ्यांनी बायबल मिटून काखेत धरायचं, गुरुजी अध्याय आणि ओवी पुकारणार, आणि जो आधी काढून वाचेल तो जिंकला. त्यात सलग पाच वर्षं बक्षीस माझं. पुढे पुढे मला पानं उलटायचीही गरज उरली नाही.

मोठेपणीही हा खेळ सुटला नाही. चर्चमध्ये गिटार वाजवावी की नाही, मुलीचं लग्न हिंदू मुलाशी झालं तर आईबापांनी जेवायला जावं की नाही, सगळ्यासाठी माझ्याकडे वचन तयार असायचं. एकदा दोन सख्खे भाऊ घराच्या वाटणीवरून भांडत होते. दोघेही एकाच संध्याकाळी, तासाभराच्या अंतराने माझ्याकडे आले. मी दोघांनाही वचन काढून दिलं. दोघेही खूश होऊन गेले आणि भांडण अजून चालू आहे. तेव्हा हे मी हसून सांगायचो.

मी रेल्वेच्या ऑफिसात कारकून होतो. ठाकुर्लीच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढली. बायको गेली, पाठोपाठ नोकरीही संपली, तेव्हा मुलगा मला घोडबंदर रोडला त्याच्या फ्लॅटवर घेऊन आला. सतरावा मजला, खाली बाग, लिफ्टमध्ये आरसा. दर रविवारी मी मात्र कल्याणलाच जातो, कारण मंडळीचा सेक्रेटरी मी आहे. मुलगा त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सून म्हणायची, ह्या घरात बिनपगारी सेक्रेटरी दोन आणि भांडी घासणारी मी एक.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्ही सहसा सांगत नाही. माझ्या पणजोबांनी नगरकडच्या एका गावात ख्रिस्ती धर्म घेतला. गावकुसाबाहेरची माणसं ती. मान वर करून चालता यावं म्हणून त्यांनी ती वाट धरली, आणि तसं चालणं आम्हाला खरोखरच मिळालं. पण मुलाच्या सोसायटीत हे कोणालाच माहीत नाही. आडनावावरून लोकांना वाटतं आम्ही गोव्याचे नाहीतर वसईचे. मुलगा त्यांना तसं वाटू देतो. मीही वाटू देतो.

गेल्या दिवाळीत सोसायटीची सांडपाण्याची टाकी तुंबली. पार्किंगमध्ये उभं राहवेना. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक मुलाला सोलून काढत होते. तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या चर्चमध्ये आहे का कोणी हे काम करणारं? इथले सगळे सुट्टीवर गेलेत."

आमच्या चर्चमध्ये शिक्षक आहेत, नर्स आहेत, बँकेतले आहेत. टाकी उपसणारा माणूस त्याला आमच्याच चर्चमध्ये का आठवला, हे मी विचारलं नाही. एका मिनिटात नंबर दिला.

तो माणूस चाळिशीचा होता. कल्याण पूर्वेला एका खोलीत बायको आणि दोन मुली घेऊन राहायचा आणि कंत्राटदाराकडे गटारांची कामं करायचा. चर्चमध्ये नेहमी शेवटच्या बाकावर बसायचा, पण भजन सुरू झालं की पुढे येऊन ढोलकी घ्यायचा, आणि मग आमच्यासारखे मरगळलेले लोकसुद्धा टाळ्या वाजवायला लागायचे. मला साहेब म्हणायचा. मी त्याला एकेरीत हाक मारायचो, तो मला अहोजाहो करायचा, आणि ह्यात काही वावगं आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

सकाळी नऊच्या सुमाराला तो आला. मी खालीच, पार्किंगच्या सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. त्याने झाकण काढलं, वाकून बघितलं आणि मागे सरला.

"मशीन बोलवा साहेब," तो मुलाला म्हणाला. "आत गॅस हाय."

"मशीन संध्याकाळी येणार," मुलगा म्हणाला. "लोकांकडे पाहुणे आलेत रे, सगळे माझ्या नावाने बोंबलतायत. आत उतरून फक्त अडकलेलं काढ ना. दोन मिनिटांचं काम आहे."

तो कमरेला दोर बांधून उतरला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. दोर ओढला तर नुसता जड लागत होता. वॉचमन हाका मारत होता. मुलगा अग्निशमन दलाला फोन लावत होता. अग्निशमनवाल्यांनी त्याला वर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. मुलाला ते माहीत होतं, मलाही होतं, मी रोज पेपर वाचतो. दुपारी सोसायटीने पोलिसांना लिहून दिलं की त्याला फक्त बाहेरून पाहणी करायला बोलावलं होतं, तो दारूच्या नशेत स्वतःहून आत उतरला. वॉचमननेही तसंच सांगितलं. कागदाखाली माझ्या मुलाची सही होती.

दफनविधी कल्याणला झाला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर प्रार्थना होती. प्रार्थना झाली, चहा झाला, बायका उठून गेल्या, तेव्हा त्याची बायको माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"साहेब, तुमी तिथं व्हता ना?"

मी मान हलवली.

"त्यांनी जन्मात दारूला हात लावला न्हाई. तुमाला ठावं हाय. पोलीस म्हणत्यात, पोटातलं तपासायला पाठवलंय त्याला महिनं लागतील, तवर कोणी बघितलं आसंल तर येऊन सांगावं, न्हाईतर कागद बंद होतोय. पैशाचं बघू मागनं. माझ्या पोरींचा बाप पिऊन मेला न्हाई, त्याला उतरवला, येवढं जाऊन सांगा."

तिचं मागणं एवढंच होतं. मी डोळ्यांनी बघितलं होतं, ते चौकीत जाऊन सांगायचं. कल्याणहून घोडबंदरला परत जायच्या वाटेवरच चौकी लागते.

मी म्हणालो, "पाळकसाहेबांशी बोलतो."

घरी मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. तीन दिवसांत त्याचं तोंड उतरलं होतं. तो म्हणाला, "बाबा, सही माझी आहे. तुम्ही बोललात तर मी आत जाणार. तुमच्या नातीला शाळेत काय सांगायचं?" नात तेव्हा बाजूच्या खोलीत चित्र रंगवत होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली आहे.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री, भले गृहस्थ आहेत. वय तिशीचं, स्वभाव मऊ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" इथे मी म्हणायला हवं होतं की मला वाटायचं काही नाही, मी बघितलंय आणि उद्या सकाळी मी जातो. मी म्हणालो, "प्रश्न नाजूक आहे. आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू." हे वाक्य आमच्याकडे मीच रूढ केलेलं. वीस वर्षांत ह्या वाक्याला कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, पाळकसाहेबांनीही म्हटलं नाही. पंच कमिटी बसली आणि ठरलं की बुधवारच्या बायबल क्लासमध्ये तीन आठवडे हाच विषय घ्यायचा. विषयाला नाव मी दिलं, सामाजिक न्याय आणि ख्रिस्ती मंडळीची भूमिका. बघता बघता मी काय पाहिलं हा प्रश्न बाजूला पडला आणि मंडळीने काय करावं हा प्रश्न सुरू झाला. हे आपोआप झालं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आपोआप काही झालं नाही. ते मी केलं.

क्लाससाठी मी मेहनत घेतली, ह्याची मला आता किळस येते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयी, चाकराने धन्याचं ऐकण्याविषयी, भावाने भावाला परक्यांच्या न्यायासनासमोर न खेचण्याविषयी. उजवीकडे संदेष्टे, गरिबाला तुडवणाऱ्यांना त्यांनी कसं फैलावर घेतलं ते, विधवेच्या आणि अनाथाच्या कैवाराविषयी, मजुराच्या हक्काविषयी. दोन्हीकडे सारखी वचनं. एका बाजूला एक जास्त झालं तेव्हा मी शोधून दुसऱ्या बाजूला एक घातलं. कोणी म्हणायला नको की सेक्रेटरीने पक्षपात केला.

पहिल्या बुधवारी हॉल भरला होता. ती शेवटच्या बाकावर येऊन बसली, नवऱ्याच्या जागेवर. तिला वाचता येत नाही. मांडीवर बायबल मिटलेलंच होतं, पण आम्ही संदर्भ पुकारला की ती त्यावर हात ठेवायची.

पहिला बोलला आमचा एक जुना पंच, रेल्वेतला निवृत्त गार्ड. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "आपण मूठभर लोक आहोत. दिवस कसे आहेत बघताय ना? चर्च पोलीस चौकीत गेलं की उद्या चर्चमध्येच पोलीस येतील. आपल्या उपासनेचे भोंगे, आपल्या जागेचे कागद, सगळं उकरून काढतील. प्रभूने सांगितलंय शांततेने राहा." त्याच्या भीतीला खोटं म्हणता येत नव्हतं. माना हलल्या. मी डावीकडची वचनं वाचली. बाकीचा वेळ प्रार्थनेत गेला.

दुसऱ्या बुधवारी मी उजवी बाजू वाचली. वाचताना माझा आवाज चढला. संदेष्ट्यांची भाषाच तशी आहे, वाचणारा स्वतःलाच संदेष्टा समजायला लागतो. एक-दोन बायकांनी डोळे पुसले. मग चांगल्या शोमरोन्याचा दाखला निघाला, परक्या जातीच्या माणसाने वाटेवरच्या जखमीला उचलून नेल्याची येशूची गोष्ट. त्याच्या आधी, वाटेत अर्धमेला पडलेला तो माणूस बघून याजक, म्हणजे मंदिराचा पुरोहित, बाजूने निघून गेला, त्याच्यावर अर्धा तास चर्चा झाली. त्याला कदाचित मंदिरात वेळेवर पोचायचं असेल, प्रेताला शिवलं तर विटाळ होईल अशी त्याला भीती असेल, आपण त्याला लगेच दोषी धरू नये, असा मुद्दा कोणीतरी मांडला. तो मुद्दा मला आवडला. मी त्याला पुष्टी देणारा संदर्भही दिला.

तेव्हा एक मुलगी उभी राहिली. ती कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, ड्युटीवरून तशीच आली होती. म्हणाली, "अंकल, मला एक कळत नाही. कोणी बघितलंय का नाही बघितलंय? बघितलं असेल तर त्याने जाऊन सांगायचं ना, सिंपल. त्याला क्लास कशाला पाहिजे?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी इतके दिवस ज्या प्रश्नाकडे पाठ फिरवत होतो तो ह्या पोरीने हॉलच्या मधोमध आणून ठेवला होता. खोटी साक्ष देऊ नये हे आमच्या संडे स्कूलमधल्या पाच वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. माझ्या वहीत डावीकडेही ते नव्हतं आणि उजवीकडेही नव्हतं.

मी म्हणालो, "सिस्टर, तुमच्या भावना समजतात. पण शास्त्राचा अर्थ घाईने लावता येत नाही."

लोकांना बरं वाटलं. ती मुलगी पिशवी उचलून निघून गेली. जाताना ती मागच्या बाकाशी थांबली आणि त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलली. तिसऱ्या बुधवारी ती नर्स आली नाही.

तिसऱ्या बुधवारी फारसं कोणीच आलं नाही. रविवारी कापणीचा सण होता, आम्ही पीकपाणी देवाला अर्पण करून चर्चच्या आवारातच लिलाव करतो. त्यामुळे बायका नारळ, भोपळे आणि केळीचे घड लावण्यात गुंतल्या होत्या. तरुण मंडळी पताका बांधत होती. आम्ही सातजण उरलो. कंटाळलो होतो सगळेच. गार्ड म्हणाला, "आता काहीतरी ठराव करून टाका." ठराव झाला की मंडळी शोकाकुल कुटुंबाच्या दुःखात सहभागी असून न्यायासाठी सातत्याने प्रार्थना करील. सातही हात वर झाले. मी तो माझ्या वळणदार अक्षरात लिहिला आणि खाली सही केली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. आम्ही तर वातड म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

दिवे मालवून बाहेर आलो तर त्याची बायको पायरीवर उभी होती. तिन्ही बुधवार तिने एकही शब्द काढला नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "शास्तर काय म्हणलं?"

तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सोसला असता. ती खरंच विचारत होती. तीन आठवडे आम्ही शास्त्राला विचारत होतो, आता त्याने काय सांगितलं ते ऐकायला ती थांबली होती.

"प्रार्थना करायची असं ठरलं," मी म्हणालो.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं. सलाम साहेब." आमच्यात एकमेकांना सलामच म्हणतात. मीही सलाम म्हणालो.

कापणीच्या सणाला ती आली नाही. त्या दिवशी भजनं झाली ती नुसत्या पेटीवर. ढोलकी कपाटावर होती आणि कोणीच ती खाली काढली नाही. मी मंचावर बसून अर्पणाच्या वस्तूंची नावं पुकारत होतो. एक मोठा भोपळा हातात घेतला आणि कपाटावरच्या ढोलकीकडे बघता बघता तो पुकारायचा राहूनच गेला. लोकांना वाटलं थकलो असेन. कोणीतरी पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो आणि तिथेच ठरवलं की आता जायचं, मुलगा तुरुंगात गेला तरी जायचं.

दुसऱ्या दिवशी आधी तिच्या खोलीवर गेलो. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "मुलींना घेऊन माहेरी गेली, जालन्याकडे. दोन माणसं आली होती गाडीतून, कागद घेऊन. तिने अंगठा दिला. मी म्हटलं, अगं थांब ना जरा, कोणाला तरी दाखव. तर म्हणाली, मंडळीनं पण प्रार्थनाच करायची ठरवलीय, मग मी एकटी काय करू?"

गाडीतून आलेल्या त्या दोघांत माझा मुलगा होता की नाही, हे मी शेजारणीला विचारलं नाही. संध्याकाळी मुलाला एवढंच सांगितलं की उद्या मी चौकीत जातोय. त्याने टीव्हीवरून नजर काढली नाही. म्हणाला, "आता कशाला? आता मिटलंय सगळं." त्याचं बरोबर होतं.

तरी गेलो. चौकीतला अधिकारी तरुण होता, माझ्या मुलाहूनही लहान. त्याने मला बसवलं, फाईल मागवली आणि पानं चाळली.

"काका, बाईंनी स्वतः लिहून दिलंय. नवऱ्याला दारूची सवय होती, कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली अंगठा आहे. आता तुम्ही सांगून काय होणार?" मग त्याने विचारलं, "आणि तुम्ही समोर होतात तर इतके दिवस काय करत होतात?"

"बायबल वाचत होतो," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी दुःखात असेन. त्याने चहा मागवला. मी म्हणालो, चहा नको, माझा जबाब घ्या, त्याचा उपयोग होवो न होवो. माझा हट्ट बघून त्याने एक कोरा कागद पुढे ओढला. मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. किती वाजले होते, मी कुठे बसलो होतो, मशीनविषयी तो काय म्हणाला, माझा मुलगा काय म्हणाला. मुलाचं नाव सांगताना मी थांबलो नाही.

मग मी ते सांगितलं जे इथेही वर लिहिलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे असं मुलगा म्हणाल्यावर तो माणूस लगेच उतरला नव्हता. त्याने वळून माझ्याकडे बघितलं होतं. मुलाचं तो ऐकणार नव्हता, निघूनच जाणार होता, त्याने दोर गुंडाळायलाही घेतला होता. पण साहेब तिथे बसले होते, म्हणून त्याने एकदा साहेबांकडे बघितलं. आणि मी खुर्चीतून न उठता म्हणालो होतो, "अरे, घाबरतोस काय? प्रभू आहे ना तुझ्याबरोबर."

तो हसला, कपाळाला हात लावून मला सलाम केला आणि दोर सोडून कमरेला बांधला.

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे जरा मायेनेच बघितलं.

"हे कशाला लिहायचं, काका? हे तर तुम्ही चांगलंच बोललात."

आणि त्याने ते लिहिलं नाही.